‘सुरुवातीला’च्या आधी ‘च्या’ आहे का?

तुम्ही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहात आणि इंग्लंडच्या कस्टमरला मेल लिहायचं काम तुमच्याकडे आलंय. तुम्ही लिहिलंत, ‘इन द बिगिनिंग ऑफ जून वुई चेंज्ड द टूल.’ साहेबांनी ‘इन’ खोडून ‘अ‍ॅट’ केलं. पुढच्या मेलमध्ये तुम्ही शहाण्यासारखं आधीच ‘अ‍ॅट’ वापरलंत, ‘अ‍ॅट द बिगिनिंग वुई हॅड अ बर प्रॉब्लेम.’ (बर म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेला उरणारी खरबरीत कुसं.) तर साहेबांनी तिथे ‘अ‍ॅट’ खोडून ‘इन’ केलं. तुमचं म्हणणं असं, की मॅडम, मराठीत दोन्हीकडे ‘सुरुवातीला’च आहे, मग हा काय जाच? शिवाय कस्टमरच्या ‘टू बिगिन विथ’वरून जो घोळ झाला तोही तुम्ही लिहिलाय. त्याच्याकडे मी नंतर येते, कारण खरी मेख तिथे आहे.

बावीस वर्षं मी संध्याकाळच्या बॅचेस घेते. सातपूर-अंबडहून शिफ्ट सुटल्यावर येणारी माणसं हाच माझा मुख्य विद्यार्थीवर्ग. हा प्रश्न दर बॅचला येतो आणि त्याचं मूळ इंग्रजीत कमी, मराठीत जास्त आहे. आपला ‘सुरुवातीला’ हा शब्द एकटा दोन कामं करतो. ती वेगळी काढली की उत्तर मराठीतच सापडतं.

ही दोन वाक्यं बघा. ‘जूनच्या सुरुवातीला आम्ही टूल बदललं.’ ‘सुरुवातीला बर येत होता, नंतर बंद झाला.’ पहिल्यात सुरुवात कशाची तरी आहे: जूनची, लॉटची, शिफ्टची, पिक्चरची. म्हणजे ‘सुरुवातीला’च्या आधी ‘च्या’ बसलाय. दुसऱ्यात ‘च्या’ नाही. तिथे सुरुवातीचे दिवस आणि नंतरचे दिवस यांची तुलना आहे, आणि ‘नंतर’ किंवा ‘मग’ हा शब्द एकतर वाक्यात येतो नाहीतर ऐकणाऱ्याच्या मनात तरी येतोच. ‘च्या’ असेल तर ‘अ‍ॅट द बिगिनिंग ऑफ’. ‘च्या’ नसेल आणि पुढे ‘पण नंतर’ लागत असेल तर ‘इन द बिगिनिंग’. तुमच्या साहेबांनी दोन्ही वेळा हेच केलं. त्यांना ‘च्या’ची युक्ती ठाऊक असेल असं नाही, कानाला खटकलं म्हणून केलं असेल.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. द्राक्षबागेची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला करतात. इथे ‘च्या’ आहे, म्हणून ‘वुई प्रून द वाइन्स अ‍ॅट द बिगिनिंग ऑफ ऑक्टोबर.’ आणि मणी सुरुवातीला आंबट असतात, मग साखर भरते. इथे ‘च्या’ नाही आणि ‘मग’ आहे, म्हणून ‘इन द बिगिनिंग द बेरीज आर सावर.’ असंच दादासाहेब फाळक्यांचं. ते आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाली होती अण्णा साळुंके या पुरुषाने. सिनेमात सुरुवातीला बायकांची कामंही पुरुष करत. हे सांगायचं तर ‘इन द बिगिनिंग मेन प्लेड द विमेन्स पार्ट्स टू.’ ऐकणाऱ्याला पुढचं ‘पण नंतर बायका आल्या’ न सांगता कळतं. ‘इन द बिगिनिंग’मध्ये तो ‘पण’ दडलेलाच असतो.

आता साहेबांच्या दोन दुरुस्त्यांना मी सारखे मार्क देणार नाही. पहिली आजच्या इंग्रजीत हवीच. दुसरी म्हणजे नुसती पॉलिश. कशाची सुरुवात ते दोघांना आधीच ठाऊक असेल, तर इंग्रज माणूस ‘ऑफ’ न लावता नुसतं ‘अ‍ॅट द बिगिनिंग’ही म्हणतो. समजा तुम्ही ट्रायल लॉटबद्दलच बोलताय आणि लिहिलंत ‘अ‍ॅट द बिगिनिंग वुई हॅड अ बर प्रॉब्लेम’, तर कस्टमर ‘ट्रायल लॉटच्या सुरुवातीला’ असं वाचेल. चूक काही नाही. पण तुम्हाला ‘आधी यायचा, आता येत नाही’ हे ठसवायचं होतं, आणि ते ‘इन’ने ठसतं.

जोडीला ‘एन्ड’ घेतलात तर फरक जास्त स्पष्ट दिसेल. तिथे इंग्रजी अजिबात सवलत देत नाही. ‘अ‍ॅट द एन्ड ऑफ द मीटिंग’ म्हणजे मीटिंगच्या शेवटी. ‘इन द एन्ड’ म्हणजे अखेर, बऱ्याच चर्चेनंतर, शेवटी एकदाचं. ‘इन द एन्ड ही अ‍ॅग्रीड’, अखेर तो तयार झाला. इथे ‘अ‍ॅट’ आणि ‘इन’ची अदलाबदल केली तर अर्थच बदलतो. ‘बिगिनिंग’च्या बाबतीत कुंपण थोडं मोडकं आहे, एवढंच.

ते मोडकं का, तर जुन्या इंग्रजीत ‘इन द बिगिनिंग ऑफ’ सर्रास होतं. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलचं पहिलंच वाक्य ‘इन द बिगिनिंग’ने सुरू होतं, आणि ते आजच्या हिशेबानेही बरोबर आहे: कशाच्या सुरुवातीला हा प्रश्नच नाही, काही नव्हतं तेव्हा. पण त्याच बायबलमध्ये यिर्मयाच्या पुस्तकात ‘इन द बिगिनिंग ऑफ द रेन ऑफ जेहोयाकिम’ असंही आहे, म्हणजे यहोयाकीमच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला. तेव्हा ते चालायचं. आपल्या आजोबांच्या पिढीचं इंग्रजी जुन्या पुस्तकांवर पोसलेलं, त्यामुळे तेही तसंच लिहायचे. तुमचं ‘इन द बिगिनिंग ऑफ जून’ म्हणजे अडाणीपणा नाही, शिळेपणा आहे.

बायबलवरून आठवलं म्हणून. माझा क्लास शरणपूर रोडला आहे. रस्त्याला नाव मिळालं ते एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपूर वस्तीवरून. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आणून शिकवत. नाशकात शिकलेला जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच. आफ्रिकेत फिरलेला प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही. त्याने त्या प्रवासाची डायरी लिहून ठेवली. नाशिकमध्ये इंग्रजी शिकणारे आपण पहिले नाही, एवढंच सांगायचं होतं. असो.

महिन्यांच्या बाबतीत मी तुम्हाला एक सोपी वाट सांगते, जी इंग्रज स्वतः जास्त वापरतात. ‘जूनच्या सुरुवातीला’साठी ‘इन अर्ली जून’. हे बिनधोक आहे आणि लहानही. ‘अ‍ॅट द बिगिनिंग ऑफ जून’ म्हटलं की एक-दोन-तीन तारीख डोळ्यासमोर येते. तुम्ही टूल नऊ तारखेला बदललं असेल तर ‘अर्ली’च बरं. क्वालिटीच्या कागदावर तर सरळ तारीख टाका, सुरुवात-बिरुवात कशाला?

आता ‘इन स्टार्टिंग’. ‘इन स्टार्टिंग आय वॉज इन प्रॉडक्शन.’ हे वाक्य मी बावीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. पुण्यापासून पाटण्यापर्यंत सगळा भारत हे बोलतो आणि एकमेकांना कळतंही. इंग्रजाच्या कानाला मात्र ते अर्धवट वाटतं. कशाचं स्टार्टिंग, गाडीचं? ‘स्टार्ट’च्या बाजूने जायचं तर ‘अ‍ॅट द स्टार्ट’. ‘इन द स्टार्ट’ नको. ‘स्टार्टिंग’ हे दुसऱ्या शब्दाला चिकटून येतं तेव्हा ठीक, ‘स्टार्टिंग सॅलरी’, ‘स्टार्टिंग पॉइंट’. आणि मशीन ‘स्टार्ट’ करतात, ‘बिगिन’ करत नाहीत, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आपली गोदावरी मात्र ‘स्टार्ट’ही होत नाही आणि ‘बिगिन’ही. नदीसाठी इंग्रजीत ‘राइझ’ असं क्रियापद आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर ‘राइझेस’. आपल्याकडे सुरुवात वेगळी आणि उगम वेगळा, तसंच.

सगळ्यात जास्त लाल शाई माझी कुठे जात असेल, तर ‘सुरुवातीपासून’वर. ‘वुई आर यूझिंग धिस ग्रेड सिन्स बिगिनिंग.’ यात तीन गोष्टी मराठीतून सरळ उतरल्या आहेत. आपण ‘वापरतोय’ म्हणतो, चालू वर्तमानकाळ, म्हणून ‘आर यूझिंग’. पण इंग्रजीत मागून सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीला ‘हॅव’ लागतं: ‘वुई हॅव यूज्ड’ किंवा ‘हॅव बीन यूझिंग’. मग ‘द’ गायब, कारण मराठीत तसलं काही नसतंच. आणि ‘सिन्स’. ‘सिन्स द बिगिनिंग’ बरोबर आहे, पण ‘सिन्स’ आलं की ‘हॅव’ नाहीतर ‘हॅड’ सोबत आणतं. ‘फ्रॉम द बिगिनिंग’ तेवढं हट्टी नाही, साध्या भूतकाळातही रमतं. ‘आय न्यू फ्रॉम द बिगिनिंग’, मला पहिल्यापासून माहीत होतं. शंका असेल तिथे ‘फ्रॉम’ धरा.

त्याला आपण ‘च’ लावतो. ‘सुरुवातीपासूनच’. तो ‘च’ इंग्रजीत नेताना ‘इटसेल्फ’ होतो, ‘फ्रॉम द बिगिनिंग इटसेल्फ’. हे इंग्रजीतलं आपलं खास भारतीय लोणचं. आपसात बोलताना मला त्याचं वावडं नाही, मीही बोलून जाते. कस्टमरला लिहिताना मात्र तो ‘च’ पुढे न्या: ‘राइट फ्रॉम द बिगिनिंग’, किंवा ‘फ्रॉम द व्हेरी बिगिनिंग’. मराठीत जोर शब्दाच्या शेपटीला बसतो, इंग्रजीत तो तोंडाशी येतो.

आता तुमचा घोळ. कस्टमरने लिहिलं होतं, ‘द बोअर वॉज अंडरसाइझ टू बिगिन विथ, अँड द प्लेटिंग मेड इट वर्स.’ बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, प्लेटिंग म्हणजे पार्टवर चढवलेला धातूचा थर. तुम्ही अर्थ लावलात, ‘सुरुवातीला बोअर लहान येत होता.’ म्हणजे पहिल्या लॉटमध्ये. आणि उत्तर पाठवलंत, की आता पुढच्या लॉटमध्ये सगळं ओके आहे. कस्टमर भडकला. साहजिक आहे. तो म्हणत होता, बोअर मुळातच लहान होता. प्लेटिंगच्या आधीच. प्लेटिंगचा थर चढला की बोअर आणखी आवळतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. त्याचा आरोप मशीनिंगवर होता, प्लेटिंगवर नव्हता, आणि कुठल्या लॉटवर तर अजिबात नव्हता. तुम्ही त्याला जे उत्तर दिलंत ते त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं.

‘टू बिगिन विथ’ला तीन तोंडं आहेत. वाक्याच्या डोक्यावर आलं आणि पुढे स्वल्पविराम असला, की ‘पहिली गोष्ट म्हणजे’. ‘टू बिगिन विथ, द ड्रॉइंग इज ओल्ड.’ पहिली गोष्ट म्हणजे ड्रॉइंगच जुनं आहे, आणि अजून दोन तक्रारी मागून येतायत, तयार राहा. हे सोपं. वाक्याच्या शेवटी आलं, की बहुतेक वेळा ‘मुळात’. रविवार कारंज्याकडचा आपला मेन रोड डोळ्यासमोर आणा. ‘द रोड वॉज नॅरो टू बिगिन विथ, अँड देन पीपल स्टार्टेड पार्किंग ऑन बोथ साइड्स.’ रस्ता मुळातच अरुंद, त्यात लोक दोन्ही बाजूंना गाड्या लावायला लागले. मराठीतला हा ‘मुळात… त्यात’ असा जो सांधा आहे ना, तोच कस्टमरच्या वाक्यात होता. बोअर मुळात लहान, त्यात प्लेटिंग. ‘त्यात’ बसतंय का बघायचं. बसलं तर ‘मुळात’.

तिसरं तोंड खोडकर आहे. ‘आय डिडन्ट लाइक द जॉब टू बिगिन विथ.’ हे ‘सुरुवातीला नोकरी आवडत नव्हती’ही होतं, विशेषतः इंग्लंडच्या माणसाच्या तोंडी. आणि ‘मुळातच आवडत नव्हती’ही होतं. वाक्य जसंच्या तसं. पुढे ‘बट देन आय गॉट यूज्ड टू इट’ आलं तर पहिलं, ‘अँड देन दे कट माय पे’ आलं तर दुसरं. पुढचं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर पाठवायचं नाही. कस्टमरच्या मेलमध्ये तर पुढचा अर्धा भाग त्याच वाक्यात होता, तुम्ही ‘टू बिगिन विथ’पाशी थांबलात.

आणि हो, ‘अ‍ॅट फर्स्ट’. ‘इन द बिगिनिंग’चं धाकटं भावंड, बोलण्यात जास्त सुटसुटीत. ‘अ‍ॅट फर्स्ट वुई हॅड अ बर प्रॉब्लेम.’ फक्त मध्ये ‘द’ घालू नका. आणि याची गल्लत नुसत्या ‘फर्स्ट’शी करू नका. ‘फर्स्ट, क्लीन द पार्ट’ म्हणजे आधी पार्ट पुसा, मग पुढची पायरी. ‘अ‍ॅट फर्स्ट’ म्हणजे पुढे परिस्थिती बदलली. फॉर्मल लिहायचं असेल तर ‘इनिशियली’. त्याला ‘इन’ नको, ‘अ‍ॅट’ नको, ‘द’ नको. माझ्या बॅचमधली अर्धी मंडळी याच कारणासाठी त्याच्या प्रेमात आहेत, आणि मग एका मेलमध्ये चार-चार ‘इनिशियली’ येतात.

तुम्ही शेवटी विचारलंय, ‘सेटअप पुन्हा पहिल्यापासून केला’ हे कसं लिहायचं. इंग्रज म्हणेल ‘फ्रॉम स्क्रॅच’. पूर्वी शर्यतीत जमिनीवर रेघ ओढायचे, ती स्क्रॅच. कच्च्या भिडूंना त्या रेघेच्या पुढून धावायची सवलत मिळायची. ज्याला कसलीच सवलत नाही तो रेघेवरून निघायचा, म्हणजे अगदी शून्यापासून. वाक्प्रचार छान आहे, पण तुम्ही क्वालिटीत आहात. ज्या मेलमध्ये पार्टवरच्या ओरखड्यांची, म्हणजे स्क्रॅचेसचीच चर्चा चाललीय, तिथे ‘वुई स्टार्टेड फ्रॉम स्क्रॅच’ लिहून समोरच्याची करमणूक करू नका. ‘वुई रिडिड द होल सेटअप’ पुरे. काम करून करून परत होतो तिथेच आलो, आपले पहिले पाढे पंचावन्न, असं सांगायचं असेल तर ‘बॅक टू स्क्वेअर वन’. तेही कस्टमरला कशाला सांगायचं म्हणा.

स्पेलिंगचं एक, कारण तुमच्या तिन्ही मेलमध्ये ते चुकलंय. ‘बिगिनिंग’मध्ये ‘जी’ मधे एकच, ‘एन’ दोन: बी-ई-जी-आय-एन-एन-आय-एन-जी. ‘बिगिन’ म्हणताना जोर ‘गिन’वर येतो, म्हणून ‘आयएनजी’ लागताना शेवटचा ‘एन’ दुप्पट होतो. ‘ओपन’मध्ये जोर ‘ओ’वर, म्हणून ‘ओपनिंग’मध्ये ‘एन’ एकच. तोंडाने मोठ्यांदा म्हणून बघा.

कस्टमरला आता जे पाठवायचं, ते असं लिहा. आकडे तुमचे तुम्ही भरा.

‘यू आर राइट. द बोअर वॉज अंडरसाइझ टू बिगिन विथ, बिफोर प्लेटिंग. वुई मिसअंडरस्टुड युवर लास्ट मेल. वुई चेंज्ड द टूल इन अर्ली जून. अ‍ॅट फर्स्ट वुई हॅड अ बर प्रॉब्लेम, बट इट हॅज नाउ स्टॉप्ड. द बोअर साइझेस बिफोर अँड आफ्टर प्लेटिंग आर अटॅच्ड.’

म्हणजे: तुमचं बरोबर आहे, बोअर प्लेटिंगच्या आधी मुळातच लहान होता, तुमचा मेल समजण्यात आमची चूक झाली. टूल जूनच्या सुरुवातीला बदललं. आधी बर येत होता, आता बंद झालाय. प्लेटिंगच्या आधीची आणि नंतरची मापं सोबत जोडली आहेत. मापं खरोखर जोडा. मागच्या मेलला ‘अटॅच्ड’ लिहून फाइल लावायची राहिली होती, असं तुम्हीच लिहिलंय.